दुसरा हिसका

आमच्या टोळीत रोज सकाळी दोन हजेऱ्या होतात. पहिली कंपनीची, टॅबवर अंगठा टेकवला की झाली. दुसरी माझी. मनोऱ्याच्या पायाशी सगळे गोलात उभे राहतात आणि प्रत्येक जण आपली आजची भीती सांगतो, सोळा आण्यांपैकी किती ते. आणा म्हणजे काय हे टोळीतल्या कुणाला आता ठाऊक नाही. पण माझे वस्ताद आण्यांत मोजायचे, म्हणून आम्हीही मोजतो. नियम दोनच आहेत. ज्याची भीती आठ आण्यांच्या वर, तो त्या दिवशी खाली. आणि जो शून्य म्हणेल, तोही खालीच.

मी आनंदा शेवाळे, कराडच्या हॉटलाइन टोळीचा फोरमन. चार लाख व्होल्टची तार चालू असताना तिच्यावर जाऊन काम करायचं, हा आमचा धंदा. पूर्वी लाईन बंद करून दुरुस्ती व्हायची. आता गाड्या विजेवर, चुली विजेवर, कारखान्यांच्या भट्ट्या विजेवर. दहा मिनिटं लाईन बंद ठेवायची परवानगी मागितली तर वरून असा फोन येतो, जणू आम्ही साहेबांची किडनी मागितली. तारेवरून सरकणारे यंत्रमानव आहेत, नाही असं नाही. सपाटीवर ते झकास काम करतात. पण कोयनेच्या खोऱ्यात वारा दरीतून वर येतो, तिथे त्यांची अक्कल गोंधळते आणि ते तारेला मिठी मारून बसतात. मग त्यांना सोडवायलाही आम्हीच जातो.

चालू तारेला माणूस शिवतो कसा, असं लोक विचारतात. चिमणी तारेवर बसते, तिला काही होत नाही, कारण ती तारेशिवाय दुसऱ्या कशालाच शिवत नाही. आमचंही तेच. अंगात धातूच्या धाग्यांचा सूट, पायाखाली वीज न वाहणारी लांब शिडी. त्या शिडीवरून मनोऱ्यापासून सुटायचं, तारेजवळ पोचायचं आणि हातातली दांडी तारेला टेकवायची. हातभर ठिणगी उडते, चर्र आवाज होतो, आणि त्यानंतर तार जेवढ्या दाबावर तेवढ्याच दाबावर माणूस. मग खुशाल हाताने काम करावं. फक्त तार आणि मनोरा या दोघांच्या एकाच वेळी जवळ जायचं नाही. गेलात तर पुढचं सांगायला तुम्ही उरत नाही.

तनुजा लोहार ही आमच्या टोळीतली पहिली मुलगी. तिला घ्यायला मीच विरोध केला होता, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर टोळीतला आमचा भिकू सांगेल. आयटीआय करून आली तेव्हा मी साहेबांना म्हणालो होतो, पोरीला ऑफिसात घ्या, ड्रोन उडवू द्या. साहेबांनी ऐकलं नाही. सहा महिन्यांत मला माझे शब्द गिळावे लागले आणि ते बरे लागले. तिच्या हातांना नजर होती. गंजलेला नट कुठल्या बाजूने ऐकेल हे तिला बोट लावताच कळायचं. बापाच्या भात्यावर वाढलेली पोर ती. दोन वर्षांत मी अवघड काम निघालं की आधी तिच्याकडे बघायला लागलो.

मग नोव्हेंबरात गवळवाडीच्या पठारावर तो प्रकार झाला. तनुजा शिडीवरून तारेकडे निघाली होती, खाली भिकू शिडीचा दोर धरून उभा होता. शेवाळलेल्या कातळावरून त्याचा पाय सरकला, दोर हातातून गेला आणि शिडी एका बाजूने खाली आली. तनुजा पट्ट्याच्या दोरीवर लोंबकळत राहिली, मनोरा आणि तार यांच्या बरोबर मधोमध. अकरा मिनिटं. एक वाव इकडे गेली नाही, एक वाव तिकडे गेली नाही, म्हणून वाचली. आम्ही तिला ओढून घेतली तेव्हा अंगावर ओरखडाही नव्हता. चहा प्यायली, भिकूला धीर दिला, घरी गेली.

पुढच्या सोमवारी हजेरीत ती म्हणाली, "चौदा."

नियमाप्रमाणे ती खाली राहिली. होतं असं, आठवडाभरात उतरतं. पण ते उतरलं नाही. आमच्या आवारात सरावाचा एक मनोरा आहे, त्याच्या तारांत वीजच नाही. तिथेही ती तिसऱ्या आडव्या पट्टीपाशी पोचली की बोटं लोखंडाला चिकटायची आणि डोळे मिटायचे. भिकू वर जाऊन तिला एकेक पायरी सांगत खाली आणायचा. एकदा खाली आल्यावर हातमोजे काढून तिने तळवे माझ्यापुढे धरले.

"आप्पा, हे हात माझं न्हाईत," ती म्हणाली. "त्या दिवशी बी सुटलंच हुतं. पट्टा हुता म्हणून वाचले. वर गेले की मला पक्कं ठावं असतंय, हे सुटणार."

ड्रोनने त्या अकरा मिनिटांचं चित्रण केलं होतं. ते माझ्या घरच्या कपाटात कुलपात होतं. आमच्यात रीत आहे की ज्याचा अपघात, त्याला त्याचं चित्र दाखवायचं नाही. वस्तादांच्या काळात एका गड्याला हौसेने दाखवलं होतं, तो पुन्हा कधी चढला नाही, त्याने पंक्चरचं दुकान काढलं. चौकशी समितीने ते चित्रण पाहिलं, पण त्यांना दोराचा दोष शोधायचा होता, त्यांनी दोर पाहिला. मी स्वतः पहिलं मिनिट पाहिलं. शिडी खाली येते तिथवर. पुढे माझ्याने बघवलं नाही.

डिसेंबरात कंपनीने उजळणी आणली.

उजळणी हे यंत्राचं नाव. डोक्यावर घालायची जाळीची टोपी, डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी एक पडदा. ते चालवायला डॉक्टर पद्मजा केळुसकर आल्या. मालवणकडच्या, बोलण्यात गोड आणि ऐकण्यात त्याहून पक्क्या. त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. माणसाची आठवण म्हणजे फोटो नव्हे. आपण ती दर वेळी बाहेर काढतो, तेव्हा ती काही तास कच्ची होते आणि मग पुन्हा नव्याने साठवली जाते. मला हे आमच्या घरच्या चिक्कीवरून कळलं. पाक गरम आहे तोवर हवा तसा थापा. निवला की हातोडी घेतलीत तरी तुकडे पडतील, आकार बदलायचा नाही.

पण नुसतं आठवून आठवण कच्ची होत नाही, असं बाई म्हणाल्या. नाहीतर रोज रडणारी माणसं रोज बरी झाली असती. मेंदूने एक अपेक्षा धरावी आणि समोर भलतंच यावं, तेव्हाच तो आठवणीचं कुलूप काढतो. ही टोपी तो क्षण ओळखते. कुलूप निघालं की पडद्यावरची रेघ उसळते, आणि मग चष्म्यात एक तयार फिल्म दाखवतात. माणूस पडतो, पण हळू, पिसासारखा, आणि गवतावर अलगद उतरतो. तीन बैठकांत भीती जाते. उंचीची, पाण्याची, साहेबाची, कशाचीही. मला गणित येत नाही, मला चारचौघांत बोलता येत नाही, अशा आयुष्यभर बाळगलेल्या समजुतीसुद्धा याने सुटल्याचं त्यांनी दाखवलं. पुण्यात साठीच्या बायका पोहायला शिकल्या होत्या. मी मनात म्हटलं, हे जर खरं असेल तर आमची तनुजा वाचली.

कंपनीने आधी प्रयोग म्हणून चार धडधाकट गडी निवडले, माझ्याच टोळीतले. भिकूही त्यांत होता. पोरं तीन बैठका करून आली ती लग्नाला आल्यासारखी. सोमवारी मी हजेरी घेतली. पहिला म्हणाला शून्य. दुसरा शून्य. तिसरा शून्य. भिकू हसत म्हणाला, "आप्पा, एकदम शून्य. बटाटं सोलायला निगाल्यागत वाटतंय."

मी चौघांनाही खाली बसवलं. काम बंद पडलं. दुपारी अधीक्षक अभियंता पाटणकर साहेबांचा फोन आला, की कंपनीने लाखो खर्चून भीती घालवली आणि तुम्ही भीती नाही म्हणून माणसं बसवून ठेवता, हा काय वेडेपणा. पाटणकर साहेब माणूस सरळ, पण आकड्यांचा. मी म्हणालो, साहेब, चार दिवस द्या. मी पोरांना सरावाच्या मनोऱ्यावर चढवलं आणि खाली खुर्ची टाकून दुर्बीण घेऊन बसलो.

काय बघायचं हे मलाही ठाऊक नव्हतं. पोरं छान चढली, पूर्वीपेक्षा झपाझप. नियमपुस्तकातलं प्रत्येक काम केलं. पट्ट्याचा हूक अडकवला आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे एक हिसका देऊन बघितला. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की काहीतरी कमी आहे. आमच्या टोळीतला प्रत्येक जण दोन हिसके देतो. पहिला पुस्तकासाठी. दुसरा कुणी शिकवत नाही, कुठे लिहिलेला नाही. पहिला देऊन झाल्यावर पोटात जे हलतं, ते दुसरा द्यायला लावतं. चौघांपैकी एकानेही दुसरा हिसका दिला नव्हता.

मी हे लिहून कळवलं. साहेब फोनवर हसले. म्हणाले, दुसऱ्या हिसक्याचं कलम पुस्तकात घालू. डॉक्टर बाई मात्र हसल्या नाहीत. त्या येऊन माझ्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकून दोन दिवस दुर्बीण घेऊन बसल्या आणि वहीत काहीबाही लिहीत राहिल्या. कलम घातलं तर दुसरा हिसकाही पुस्तकासाठी होईल आणि मग तिसऱ्याची गरज पडेल, असं त्याच म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांना मानायला लागलो. पोरांची भीती महिन्या-दीड महिन्यात कामातून हळूहळू परत आली. भिकूने एका सकाळी लाजत "दोन आणे" म्हटलं तेव्हा टोळीने टाळ्या वाजवल्या.

पण दरम्यान कंपनीचा नवा फॉर्म आला. अपघातानंतर हॉटलाइन कामासाठी पात्रता. त्यात एक रकाना होता, भीती: आहे किंवा नाही. आहे असेल तर अपात्र. ज्यांचा अपघात झालाय त्यांनी फेब्रुवारीअखेर एकदा चालू तारेवर जाऊन दाखवायचं आणि हा फॉर्म भरून घ्यायचा, नाहीतर कायमचं ड्रोनच्या टेबलावर. टोळीत तसं एकच नाव होतं.

मी तनुजाला बोलावून सांगितलं की त्या यंत्रापाशी जायचं नाही. चार चांगले गडी त्याने दीड महिना बाद केले. टेबलावर बसलीस तरी पगार तोच आहे, जीवही शाबूत राहील. मला वाटलं मी फार शहाणपणाचं बोललो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आप्पा, तुमची भीती चार आण्याची," ती म्हणाली. "चार आण्यावाल्यानं चौदा आण्यावालीला सांगू नये की राहू दे, बरी हाय. मला टेबलावर न्हाई मरायचं."

आणि ती उठून थेट डॉक्टर बाईंकडे गेली. मला डावलून गेली म्हणून राग आला, तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. तनुजा यंत्राला तयार आहे, पण पिसासारखं पडण्याची फिल्म नको म्हणते, असं त्यांनी सांगितलं. ते खोटं आहे, मी तशी पडले नव्हते, तशी कुणीच पडत नाही, असं तिचं म्हणणं. तिला जे झालं तेच बघायचं होतं. तुमच्याकडे त्याचं चित्रण आहे का, बाईंनी विचारलं.

मी नाही म्हणालो. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात इतकं सरळ खोटं मी क्वचितच बोललो असेन.

संध्याकाळी तनुजा माझ्या घरी आली. चप्पल काढून दारातच उभी राहिली, आत आली नाही. चौकशी समितीच्या कागदात चित्रणाची नोंद होती आणि ते कुणाच्या ताब्यात दिलं तेही होतं.

"तुमी ते लपवून ठेवलं व्हय, आप्पा?"

मी रीत सांगितली. वस्तादांची गोष्ट सांगितली, पंक्चरच्या दुकानासकट. ती म्हणाली, तुम्ही स्वतः बघितलंय का. मी खरं ते सांगितलं, शिडी खाली येते तिथवर. पुढचं मला बघवलं नाही.

"मंजे माझ्यासाठी न्हाई लपवलं. तुमच्यासाठी लपवलं."

माझी बायको आतून हे ऐकत होती. तिने बाहेर येऊन कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि पुन्हा आत गेली. मी किल्ली उचलली.

दुसऱ्या दिवशी मी चित्रण घेऊन उजळणीच्या खोलीत गेलो. तनुजाने मलाही थांबायला सांगितलं. ती टोपी घालून बसली, मी मागच्या स्टुलावर. बाईंनी तिला तो दिवस बोलून काढायला लावला. कातळ, वारा, शिडीचा तो कर्र आवाज. "आणि मग माझं हात सुटलं," असं ती म्हणाली, तेव्हा बाईंनी समोरच्या मोठ्या पडद्यावर चित्रण सुरू केलं.

शिडी खाली आली. मी डोळे मिटले. थोड्या वेळाने तनुजाचा आवाज आला, अगदी हळू.

"आप्पा, बघा की."

मी पाहिलं. पडद्यावर ती गिरक्या घेत होती. डावा हात दोरीवर घट्ट होता. उजवा हात छातीशी आला, हूक चाचपला, एक हिसका दिला. मग दुसरा. मग तिने मान वाकवून खाली पाहिलं. हत्यारांची पिशवी एका बंदावर लटकत होती आणि तिच्या बरोबर खाली भिकू होता. तिने एका हाताने ती पिशवी वर घेतली, दात लावून बंद ओढला आणि गाठ मारली. नंतर तोच हात आडवा धरून ती तळवा खाली करत राहिली. पुन्हा पुन्हा. सावकाश, असं ती आम्हाला सांगत होती. आम्ही खालून तो हात हलताना पाहिला होता आणि पोर तडफडतेय असं समजून आरडाओरडा केला होता. वीस-वीस वर्षांचे अनुभवी गडी आम्ही, आणि हवेत लोंबकळणारी पोर आम्हाला धीर देत होती हे एकालाही कळलं नव्हतं.

शेजारच्या पडद्यावरची रेघ ताडकन वर गेली होती. बाईंनी नुसतं बोट दाखवलं.

"हे मी केलं?" तनुजा म्हणाली. "मला यातलं कायबी आठवत न्हाई."

बाई म्हणाल्या, भीतीने मेंदूला इतकं भरून टाकलं की बाकीचं नोंदवायला जागाच राहिली नाही. हात मात्र आपलं काम करत होते. त्यांनी चित्रण सात वेळा दाखवलं. दर वेळी तनुजा आधी आपली आठवण सांगायची आणि मग समोर खरं यायचं. चौथ्या वेळी ती "हात सुटलं" म्हणताना अडखळली. सातव्या वेळी ते वाक्य तिच्या तोंडून निघालंच नाही. त्या जागी ती म्हणाली, "मग मी हूक बघितला." मला स्टुलावर बसवेना. मी खिडकीपाशी जाऊन नाक शिंकरलं आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

बाईंनी विचारलं, भीती अजून पूर्ण गेलेली नाही, तयार फिल्म लावून शून्यावर आणू का. तनुजाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नको. तारेची भीती राहू दे, ती माझ्या कामाची हाय. माझ्या हाताची भीती तेवढी गेली पायजे हुती."

बाईंनी ते वाक्य तसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. नंतर मला त्यांनी उलगडून सांगितलं. भीतीच्या पोटात दोन गोष्टी असतात. तार जीव घेते, ही माहिती. माझे हात सुटणार, ही समजूत. पिसाची फिल्म दोन्ही पुसत होती, कारण फिल्म बनवणाऱ्यांना फरक ठाऊक नव्हता. समजुतीला खोटं ठरवणारं काहीतरी खरं त्या माणसाच्याच आयुष्यातून शोधावं लागेल, प्रत्येकाचं वेगळं, आणि त्याला वेळ लागेल. दोन वर्षांच्या कामाचं तोंड एका मुलीने फिरवलं, असं म्हणताना त्या वैतागलेल्या होत्या आणि खूशही होत्या.

फेब्रुवारीच्या सव्वीस तारखेला गवळवाडीच्याच पठारावर काम निघालं. दोन तारांना एकमेकींपासून दूर ठेवणारा एक जोड तुटला होता. आकाश स्वच्छ, हवा कोरडी, सकाळचे नऊ. पाटणकर साहेब स्वतः आले होते, फॉर्म घेऊन. हजेरीला साहेब आणि डॉक्टर बाई गोलाच्या बाहेर उभे राहिले. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "चार." भिकू म्हणाला पाच. तनुजाने क्षणभर वर तारेकडे पाहिलं.

"सहा," ती म्हणाली. "आणि शिडीचा दोर भिकूदा धरंल."

नोव्हेंबरपासून भिकूने दोराला हात लावला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्याने कातळ आधी पायाने घासून बघितला, मग गोणपाट अंथरलं आणि दोर कमरेभोवती घेतला. डोळे पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते.

ती चढली. तिसऱ्या पट्टीपाशी थांबली. मी दुर्बीण तिच्या बोटांवर लावली होती. ती एक खोल श्वास घेऊन पुढे निघाली. माथ्यावर पोचून तिने हूक अडकवला, एक हिसका दिला, थांबली, दुसरा दिला. काही निघालं नाही, हूक नीट होता. बहुतेक वेळा नीटच असतो. मग ती शिडीवर आली, आम्ही शिडी तारेकडे सोडत गेलो, आणि तिने दांडी पुढे केली. चर्र आवाज खालपर्यंत आला. चाळीस मिनिटांत तिने जुना जोड काढला, नवा बसवला, चार बोल्ट आवळले आणि पाचवा, जो तिला सांगितलेलाही नव्हता, तो सैल दिसला म्हणून तोही आवळला. मी खाली उभा राहून ते हात बघत होतो. असे हात मी माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेले नाहीत, माझे स्वतःचे धरून.

ती उतरली, हातमोजे काढले. साहेब फॉर्म घेऊन पुढे आले. त्यांचा चेहरा खुलला होता. काम उत्तम झालं, म्हणाले, आता एवढा रकाना भरला की झालं.

"भीती नाही, असं लिहू ना?"

एका शब्दाचं काम होतं. नाही म्हटलं असतं तर तिथेच सही झाली असती. मी तिला डोळ्यांनी खुणावलं की म्हण. टोळीतल्या प्रत्येकाने खुणावलं असेल.

"आहे, साहेब," तनुजा म्हणाली. "सकाळी सहा आणे हुती. तारेपाशी सात झाली. आत्ता तीन असंल. मी न्हाई म्हटलं तर तुमी मला वर पाठवाल, पण मग वर जाणारी मी नसंन."

साहेबांनी फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फोरमन म्हणून तुमचं काय मत, त्यांनी विचारलं. मी पेन घेतलं आणि त्या रकान्यात "आहे" लिहिलं. खाली पात्र असं लिहून सही ठोकली. अपात्राला पात्र ठरवल्याबद्दल माझ्यावर काय कारवाई होते हे मला पाठ होतं. हात अजिबात हलला नाही.

साहेबांनी ते दोन शब्द वाचले.

"शेवाळे," ते म्हणाले, "तुमची आज किती होती?"

फोरमन झाल्यापासून मी हजेरीत चार सांगत आलो होतो. फोरमनने चार सांगायचे असतात. पण नुकतंच त्या पोरीने नोकरी पणाला लावून खरं सांगितलं होतं, आणि ती माझ्याकडेच बघत होती.

"सोळा, साहेब. ती वर होती तोवर सोळाच्या सोळा आणे."

"मग तुमच्याच नियमाने तुम्ही वर जायच्या लायकीचे नव्हता."

"म्हणून तर खाली होतो," मी म्हणालो. "वर जायच्या लायकीची होती ती गेली."

साहेबांनी माझ्या हातातून पेन घेतलं. रकान्यावर आडवी रेघ मारली, भीती आहे आणि नाही या दोन्ही शब्दांवरून, आणि खाली माझ्या 'पात्र'शेजारी आपली सही केली.